कारणे तर आधीही होती...

'पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा.' इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेतला हा ठरलेला प्रश्न, आणि त्याचे उत्तरही ठरलेले. आक्रमक राष्ट्रवाद, वसाहतींसाठी स्पर्धा, शस्त्रास्त्रांची चढाओढ, गुप्त तहांतून पडलेले राष्ट्रांचे दोन गट ही मूळ कारणे. आणि सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून हे तात्कालिक कारण. पाच मुद्दे, पाच गुण. मुले ते पाठ करतात, आपण त्यावर बरोबरची खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

समजा, वर्गातल्या एखाद्या मुलीने हात वर करून विचारले, "बाई, पहिली चार कारणे तर आधीपासूनच होती ना? मग युद्ध आधीच का नाही झाले?" तर आपण काय उत्तर देऊ?

विज्ञानाच्या तासाला आपण ज्वलन शिकवतो तेव्हा असा प्रश्न आपल्याला अडवत नाही. लाकूड आहे, हवा आहे, तरी घरातले टेबल आपोआप पेटत नाही. पेटण्यासाठी ज्या गोष्टी आवश्यक आहेत त्या असल्या, तरी त्या पुरेशा असतातच असे नाही, हे आपण मुलांना प्रयोग करून दाखवतो. इतिहासात मात्र आवश्यक आणि पुरेसे यांतला हा फरक आपण विसरतो. कारणांची यादी झाली की युद्ध अटळच होते, असे वाटू लागते.

ही बाब नुसत्या परीक्षेपुरती नाही. सातारा, रत्नागिरीकडच्या काही जुन्या गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली दगडी पाटी दिसते. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नावे नाहीत, नुसते आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर 'मिलिटरी अपशिंगे' असेच नाव पडले. त्या युद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. ऑस्ट्रियाच्या युवराजाशी किंवा सर्बियाशी या माणसांचा काय संबंध होता? 'युद्ध अटळ होते' एवढे म्हटले, की हा प्रश्न विचारायचीही गरज उरत नाही. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचा आपण जरा नेटाने पाठपुरावा करू.

विझलेल्या ठिणग्या

आधी दोन गट कसे पडले ते पाहू. १८७९ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी परस्परांच्या संरक्षणाचा करार केला. १८८२ मध्ये इटली त्यात सामील झाली. जर्मनीच्या वाढत्या बळाची धास्ती घेतलेल्या फ्रान्सने १८९४ पर्यंत रशियाशी लष्करी करार पक्का केला. ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी वसाहतींबाबतची जुनी भांडणे मिटवली. १९०६ मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' ही नव्या धर्तीची युद्धनौका पाण्यात सोडली. तिच्यापुढे जुन्या साऱ्या युद्धनौका कालबाह्य ठरल्या आणि जर्मनीबरोबरची आरमारी शर्यत जोरात सुरू झाली.

म्हणजे १९०७ सालीच आपल्या यादीतली सारी मूळ कारणे जागेवर हजर होती. यानंतर ठिणग्या पडल्या नाहीत काय? भरपूर पडल्या. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडून घेतला. सर्बिया खवळला, रशिया चिडला. पण जपानकडून १९०५ मध्ये हरलेल्या रशियाची लढण्याची ताकद नव्हती. १९०९ मध्ये जर्मनीने दटावताच त्याने माघार घेतली. १९११ मध्ये मोरोक्कोतल्या आगादीर बंदरात जर्मनीने 'पँथर' ही गनबोट धाडली. फ्रान्स आणि जर्मनी हातघाईवर येणार असे वाटत असतानाच आफ्रिकेतल्या काही प्रदेशाची देवघेव होऊन प्रकरण मिटले. १९१२-१३ मध्ये तर बाल्कन देशांत दोन खरीखुरी युद्धे झाली. ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी सीमेवर सैन्य वाढवले. तरीही ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये बड्या राष्ट्रांच्या राजदूतांची परिषद बसली, आणि जर्मनीनेही ऑस्ट्रियाला आवर घातला. आग बाल्कनपुरतीच राहिली.

विज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर, हे इतिहासाने आपल्यासाठी करून ठेवलेले तुलनेचे प्रयोगच आहेत. घटक तेच, पण निष्पत्ती वेगळी. आता नेमके विचारता येते : १९१४ मध्ये असे काय वेगळे होते?

सदतीस दिवस

२८ जून १९१४ हा रविवार होता. ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी बोस्नियाची राजधानी सारायेव्हो येथे आले होते. वाटेवर कटातले तरुण ठिकठिकाणी उभे होते. सकाळी एकाने फेकलेला बॉम्ब युवराजांना लागला नाही. मागच्या मोटारीतले लोक जखमी झाले. नंतर जखमींना भेटायला निघालेल्या युवराजांच्या मोटारीने चुकीचे वळण घेतले. मोटार मागे घेण्यासाठी थांबली ती नेमकी गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या तरुणासमोर. त्याने दोन गोळ्या झाडल्या. युवराज आणि सोफी दोघेही मरण पावले.

तिथपासून ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरेपर्यंत सदतीस दिवस गेले. 'खून झाला आणि युद्ध भडकले' या वाक्यात हे सदतीस दिवस हरवून जातात. खरा इतिहास त्यांतच आहे.

सर्बियाला धडा शिकवायचा असे व्हिएन्नाने ठरवले. पण सर्बियामागे रशिया होता. म्हणून ५ जुलैला जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म याचे मत विचारले गेले. त्याने आणि दुसऱ्याच दिवशी चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांनी कळवले, की ऑस्ट्रियाने काहीही केले तरी जर्मनी पाठीशी उभी राहील. इतिहासात याला 'कोरा धनादेश' म्हणतात. आदल्याच वर्षी लगाम खेचणारा हात आता चाबूक पुढे करत होता.

तरीही ऑस्ट्रियाने लगेच हल्ला केला नाही. का? हंगेरीचे पंतप्रधान टिसा युद्धाला तयार नव्हते. त्यांचे मन वळवायला १४ जुलै उजाडला. सैन्यातले बरेच शिपाई सुगीसाठी रजेवर गावी गेले होते. पीक घरात येईपर्यंत त्यांना परत बोलावणे अवघड होते. शिवाय फ्रान्सचे अध्यक्ष प्वँकारे रशियाच्या भेटीवर होते. ते तिथे असेपर्यंत खलिता धाडला, तर रशिया आणि फ्रान्स समोरासमोर बसून उत्तर ठरवतील, अशी भीती होती. ते परतीच्या जहाजावर चढेपर्यंत वाट पाहून २३ जुलैच्या संध्याकाळी सहा वाजता ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला. मागण्या दहा, मुदत ४८ तास.

सर्बियाने मुदत संपता संपता उत्तर दिले. बहुतेक मागण्या पूर्ण किंवा अंशतः मान्य होत्या. आपल्या भूमीवर ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी तपासात भाग घ्यावा, ही मागणी मात्र त्याने नाकारली. हे उत्तर कैसरने २८ जुलैच्या सकाळी वाचले, आणि आता युद्धाचे कारणच उरले नाही, असा शेरा त्याने कागदावर मारला. ज्याने कोरा धनादेश दिला होता, त्याचेच हे मत! पण त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले होते.

पुढचा क्रम फळ्यावर लिहावा असा आहे :

२८ जुलै : ऑस्ट्रियाचे सर्बियाविरुद्ध युद्ध.
३० जुलै : रशियाच्या झारचा संपूर्ण सैन्य उभे करण्याचा हुकूम.
१ ऑगस्ट : जर्मनीचे रशियाविरुद्ध युद्ध.
३ ऑगस्ट : जर्मनीचे फ्रान्सविरुद्ध युद्ध.
४ ऑगस्ट : जर्मन सैन्य बेल्जियममध्ये, त्याच रात्री ब्रिटनचे जर्मनीविरुद्ध युद्ध.

गंमत पाहा. ज्या ऑस्ट्रिया आणि रशियाच्या भांडणापासून हे सुरू झाले, त्यांचे आपसातले युद्ध अधिकृतपणे सुरू झाले ६ ऑगस्टला. तोवर पश्चिमेकडे बेल्जियममध्ये माणसे मरू लागली होती!

करार की निवड?

'गुप्त तहांच्या साखळीने सर्वांना युद्धात ओढले' असे आपण शिकवतो. ही साखळी जरा ओढून पाहू.

इटली जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटात होती. पण हा करार संरक्षणाचा आहे आणि इथे ऑस्ट्रियानेच आगळीक केली आहे, असे सांगून ती अलिप्त राहिली. आणि १९१५ मध्ये विरुद्ध बाजूने युद्धात उतरली. रुमानियाचाही त्याच गटाशी करार होता. तोही आधी अलिप्त राहिला आणि १९१६ मध्ये विरुद्ध बाजूला गेला. याउलट फ्रान्ससाठी लढलेच पाहिजे असा कोणताही तह ब्रिटनवर बंधनकारक नव्हता. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडनच्या तहाने बड्या राष्ट्रांनी दिली होती हे खरे. पण ती हमी जर्मनीच्या पूर्वीच्या प्रशिया राज्यानेही दिली होती, आणि जर्मनीनेच ती मोडली.

म्हणजे करार असलेले दोन देश बाहेर राहिले आणि तसा करार नसलेला एक देश आत आला. तेव्हा कराराने वाट दाखवली असेल, पाऊल मात्र प्रत्येक सरकारने स्वतः टाकले. हे मुलांना सांगितले नाही, तर युद्ध म्हणजे माणसांनी न ठरवताच घडलेली एखादी नैसर्गिक आपत्ती आहे, असे त्यांना वाटत राहील.

मग या सरकारांनी असे पाऊल का टाकले? १९१४ चे वेगळेपण दोन गोष्टींत दिसते.

पहिली गोष्ट, आधीच्या माघारींचा साठत गेलेला हिशेब. १९०९ ला मान खाली घालावी लागलेला रशिया आता पुन्हा सर्बियाला वाऱ्यावर सोडायला तयार नव्हता. वारस गमावलेल्या ऑस्ट्रियाला वाटत होते, की आता गप्प बसलो तर बड्या राष्ट्रांत आपली गणती उरणार नाही. प्रत्येक वेळी टळलेले युद्ध पुढच्या वेळी टाळणे थोडे अवघड करून जात होते.

दुसरी गोष्ट, वेळ आपल्या विरुद्ध आहे ही भीती. रशियाने सैन्य वाढवण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता आणि तो १९१७ च्या सुमारास पुरा व्हायचा होता. फ्रान्सच्या कर्जातून रशियाच्या पश्चिम सीमेकडे रेल्वे बांधली जात होती. लढायचेच असेल तर आत्ताच, दोन-तीन वर्षांनी उशीर झालेला असेल, असे जर्मन सेनानी उघड बोलत होते. रेल्वेचा यात इतका संबंध का, हे आता पाहू.

रेल्वेचे वेळापत्रक

जर्मनीला दोन आघाड्यांवर लढण्याची धास्ती होती. त्यावर सेनाप्रमुख श्लीफेन यांनी १९०५ च्या सुमारास आखलेली योजना अशी : रशिया अवाढव्य, तिथे रेल्वे विरळ, त्याचे सैन्य सीमेवर जमायला सुमारे सहा आठवडे लागतील. तेवढ्यात सगळी ताकद पश्चिमेला लावून, बेल्जियममधून वळसा घालून फ्रान्सला हरवायचे आणि मग तेच सैन्य आगगाड्यांनी पूर्वेला न्यायचे. हा सारा हिशेब आठवड्यांचा आणि दिवसांचा होता. रशियाच्या रेल्वेमार्गात जितकी भर पडेल, तितके जर्मनीचे दिवस कमी होणार होते.

सैन्य उभे करणे म्हणजे काय, याची कल्पना मुलांना द्यायला हवी. गावोगावच्या राखीव शिपायांना बोलवायचे, त्यांना गणवेश, बंदुका, घोडे, चारा, तोफा, दारूगोळा पुरवायचा आणि ठरल्या दिवशी ठरल्या ठाण्यावर उतरवायचे. जर्मनीत यासाठी सुमारे ११,००० गाड्यांचे वेळापत्रक मिनिटामिनिटाने आखलेले होते. कोलोनच्या पुलावरून दर दहा मिनिटांना एक गाडी ऱ्हाइन नदी ओलांडत होती. एक गाडी अडली की मागच्या शेकडो अडणार.

याचा परिणाम राजकारणावर कसा झाला, ते दोन प्रसंगांतून दिसते. २९ जुलैला झारने संपूर्ण सैन्य उभारण्याचा हुकूम देऊन त्याच रात्री कैसरची तार आल्यावर तो मागे घेतला. फक्त ऑस्ट्रियाच्या बाजूचे सैन्य उभारावे असे ठरले. सेनानींनी सांगितले, की अर्धवट उभारणीची योजनाच तयार नाही. ती केली तर पुढे सगळे वेळापत्रक कोलमडेल. दुसऱ्या दिवशी झारने पुन्हा संपूर्ण उभारणीचा हुकूम दिला.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी बर्लिनमध्ये असेच घडले. फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील, असा अर्थ निघणारी तार लंडनहून आली. कैसर आनंदला. मग सगळे सैन्य फक्त पूर्वेला न्यावे, असे त्याने सेनाप्रमुख मोल्टके यांना सांगितले. मोल्टके म्हणाले, ते शक्य नाही; लाखो माणसांची ही हालचाल ऐन वेळी फिरवता येत नाही. लंडनच्या त्या तारेचा अर्थ चुकीचा लावला गेला होता, हे रात्री उघड झाले आणि विषय संपला. मोल्टकेंचे म्हणणे खरे होते का? युद्धानंतर जर्मन रेल्वे विभागाच्या एका माजी प्रमुखाने सैन्य पूर्वेला वळवणे शक्य होते, असे तक्त्यांसह मांडले. म्हणजे 'अशक्य' हा शब्द रेल्वेच्या रुळांनी उच्चारला नव्हता. दुसरा पर्याय तयार ठेवायचाच नाही, हा निर्णय आधी कधी तरी माणसांनीच घेतला होता.

रेल्वेमुळे युद्ध झाले असे मात्र आम्ही म्हणत नाही. १९१२ मध्येही रेल्वे होतीच. पण पूर्वी ज्या दिवसांत राजदूत पुन्हा पुन्हा भेटत, तार पाठवून उत्तराची वाट पाहत, परिषद बोलवत, ते दिवस या योजनांनी खाऊन टाकले. ग्रे यांनी याही वेळी चार राष्ट्रांच्या परिषदेची सूचना केली होती. या वेळी जर्मनीने ती धुडकावली. ठिणगी विझवायला लागणारा वेळ कुणी दिला नाही.

नाताळपर्यंत घरी

ऑगस्टमध्ये निघालेल्या शिपायांना वाटत होते, की नाताळपर्यंत आपण घरी येऊ. पण हिशेब पहिल्या महिन्यातच चुकले. बेल्जियम लढला. रशियाचे सैन्य सहा आठवडे न थांबता ऑगस्टच्या मध्यालाच पूर्व प्रशियात शिरले. घाबरून जर्मनीने पश्चिमेकडचे दोन कोअर सैन्य पूर्वेला धाडले. ते पोचण्याआधीच तिथली टॅनेनबर्गची लढाई जर्मनीने जिंकली होती! इकडे मोडलेल्या रेल्वेमुळे जर्मन सैन्य पायी चालत, दमत पॅरिसजवळ पोचले, तर फ्रान्स आपल्या शाबूत रेल्वेने पॅरिसभोवती ताज्या फौजा आणत होता. सप्टेंबरमध्ये मार्न नदीच्या लढाईत जर्मन सैन्य मागे हटले. दोन्ही बाजूंनी खंदक खणले. वर्ष संपेपर्यंत उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची खंदकांची रांग तयार झाली. पुढची तीन वर्षे ती फार हलली नाही.

का हलली नाही? खंदकात बसलेल्याजवळ मशिनगन आणि समोर काटेरी तार. हल्ला करणारा उघड्यावर, चिखलातून पायी चालणारा. समजा त्याने फळी फोडलीच, तर त्याची कुमक पायी येणार आणि बचाव करणाऱ्याची रेल्वेने. आगगाडीने माणसे आघाडीपर्यंत नेता येत होती, आघाडीच्या पलीकडे नाही. १ जुलै १९१६ रोजी सोम नदीकाठी एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० लोक जखमी, बेपत्ता वा ठार झाले; त्यांतले १९,२४० मृत होते. त्याच वर्षी व्हर्दंच्या लढाईत दहा महिन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे सात लाख लोक जायबंदी किंवा ठार झाले.

मग दारूगोळा तरी संपायला हवा होता. स्फोटकांसाठी नायट्रेट लागते आणि जर्मनी ते दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमधून आणत असे. ब्रिटिश आरमाराने ती वाट बंद केली. पण हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया बनवण्याची रीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये दाखवली होती, आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओपाउ येथे तिचा कारखाना उभा केला होता. खतासाठी काढलेल्या त्या अमोनियापासून १९१५ मध्ये नायट्रिक आम्ल आणि पुढे स्फोटके बनू लागली. ही रीत नसती, तर जर्मनीला इतकी वर्षे लढणे फार अवघड गेले असते. त्याच हाबर यांच्या देखरेखीखाली २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे क्लोरीन वायू सोडला गेला. आपण आठवी-नववीत शिकवतो तो अमोनिया आणि तो क्लोरीन असा दोन्ही बाजूंनी या इतिहासात येतो.

गटबाजीने युद्ध सुरू केले नसेल, पण ते लांबवले नक्कीच. ५ सप्टेंबर १९१४ ला ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी कबूल केले, की कोणीही वेगळा तह करायचा नाही. एक थकला की दुसरा त्याला पैसा आणि माणसे पुरवी. दुसऱ्या बाजूला डगमगणाऱ्या ऑस्ट्रियाला जर्मनी टेकू देत होती. शिवाय जितकी माणसे मेली, तितका मोबदला प्रत्येकाला तहात हवा होता. एवढे बळी देऊन होते तिथेच परत यायचे, हे कुणाही सरकारला आपल्या लोकांना सांगवेना.

मुंबईहून सुटलेली जहाजे

४ ऑगस्टच्या रात्री ब्रिटनने युद्ध पुकारले आणि त्याबरोबर हिंदुस्थानही युद्धात गेला. इथल्या कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. सुमारे १३ लाख हिंदी लोक समुद्रापार गेले. ७४ हजारांहून अधिक परतले नाहीत.

तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने येणार अशी चिन्हे दिसताच १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून एक फौज इराणच्या आखाताकडे निघाली. तिकडच्या तेलावर ब्रिटिश आरमाराची मदार होती. नोव्हेंबरात बसरा पडले. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या अखेरीस बगदादच्या अलीकडे ही डिव्हिजन अडली, मागे हटली आणि तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावी ७ डिसेंबरपासून वेढ्यात सापडली.

अन्न संपत आले तशी घोडी मारली जाऊ लागली. अनेक हिंदी शिपायांना ते मांस चालत नव्हते. त्यांना 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाला. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला. कोंड्यासकट आट्याची पोळी खाणाऱ्या हिंदी शिपायांना तो फारसा झाला नाही. आहाराचा हा धडा पुढे वैद्यकाच्या पुस्तकांत गेला. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० लोक शरण गेले. वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो दगावले. गावातल्या पाटीवरच्या आकड्यात यांतले कितीतरी जण असतील.

शेवट

१९१७ मध्ये दोन मोठे बदल झाले. ब्रिटनला उपाशी मारण्यासाठी जर्मनीने फेब्रुवारीपासून कोणत्याही देशाची जहाजे पाणबुड्यांनी बुडवायला सुरुवात केली. परिणामी ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. रशियात क्रांती झाली आणि मार्च १९१८ मध्ये रशियाने वेगळा तह करून अंग काढून घेतले. मोकळे झालेले सैन्य घेऊन जर्मनीने पश्चिमेला अखेरची मोठी चढाई केली. ती थांबली. ऑगस्टपासून दोस्त राष्ट्रे रणगाडे, विमाने आणि ताज्या अमेरिकन फौजांसह पुढे सरकू लागली. बल्गेरिया, तुर्कस्तान, ऑस्ट्रिया एकामागून एक गळाले. ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या. तोवर सुमारे ९० लाख ते एक कोटी सैनिक मरण पावले होते.

व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला. सारायेव्होच्या खुनाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली. त्याच्या २३१ व्या कलमाने युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रांवर टाकली. 'हे कसे घडले?' या प्रश्नाची जागा 'दोषी कोण?' या प्रश्नाने घेतली. इतिहासकार त्यावर अजून वाद घालतात. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने मुख्य जबाबदारी जर्मनीवरच ठेवली. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क यांनी सगळीच सरकारे झोपेत चालल्यासारखी कशी वागली, ते दाखवले. आम्हाला वाटते, दोषाचे वजन कमीजास्त असेल, पण त्या सदतीस दिवसांत थांबता येणे शक्य होते, एवढे तर दोन्ही मांडण्यांतून निघते.

वर्गात हे करून पाहता येईल. पाच-सहा गट करा : व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस, लंडन, बेलग्रेड. प्रत्येक गटाला त्या त्या तारखेपर्यंत त्या सरकारला जेवढे माहीत होते तेवढेच सांगा, आणि पुढचे पाऊल ठरवू द्या. १९१२ साठी एकदा आणि १९१४ साठी एकदा. मग 'कारणे लिहा' ऐवजी विचारा, '१९१२ मध्ये टळलेले युद्ध १९१४ मध्ये का टळले नाही?' उत्तरे एकसारखी येणार नाहीत. तपासायला वेळ लागेल, पण चालेल.

आणि तुमच्या गावात ती पाटी असेल, तर मुलांना घेऊन एकदा तिथे जा. जाणत्या माणसांकडे चौकशी करा. पाटीवर नसलेली एक-दोन नावे कदाचित अजूनही कुणाला आठवत असतील.